न तापणारी गाडी

पहिल्या स्मृतिदिनाला गावी जायचं ते लाल गाडीनेच, आणि तेही जुन्या कात्रज घाटाने, असं ललिताबाईंनी भाकरी वाढता वाढता जाहीर केलं तेव्हा प्रज्ञेशचा हात ताटातच थांबला. खाली पार्किंगमध्ये त्याची स्वतःची पांढरी, मागच्या सीटलाही एसी असलेली गाडी उभी होती. नवा बोगदा होऊनही बरीच वर्षं लोटली होती. पण उभी हयात महापालिकेच्या दवाखान्यात सिस्टर म्हणून काढलेल्या बाईचा तो चेहरा होता. त्या चेहऱ्यापुढे भलेभले मुकाट्याने दंड पुढे करत आले होते. प्रज्ञेशने मान डोलावली.

लाल गाडी म्हणजे त्याच्या वडिलांची, रतन ओव्हाळांची, आठशे सीसीची गाडी. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क असताना त्यांनी ती एका डॉक्टरांकडून जुनी म्हणून घेतली आणि तेव्हापासून तिला पोटच्या पोरीसारखं जपलं. दर बुद्धपौर्णिमेला आणि दिवाळीच्या सुट्टीत ओव्हाळ कुटुंब तिच्यातून साताऱ्याकडच्या आपल्या गावी जायचं. आजीला छोटी गाडी लागायची म्हणून ती एसटीने पुढे जायची. आई, वडील आणि प्रज्ञेश मागून निघायचे, आणि दर खेपेला ही गाडी घाटाच्या त्याच एका वळणावर तापायची. रतनराव कडेला घ्यायचे, बॉनेट उघडायचे, आणि डिकीतला निळा कॅन प्रज्ञेशच्या हातात द्यायचे. दोन वळणं खाली चहाच्या टपरीजवळ नळ होता. एरवी शाळेपासून आंघोळीपर्यंत सगळ्यात 'आटप, आटप' करणारे रतनराव त्या वेळी मात्र म्हणायचे, "घाई करू नकोस. सावकाश ये."

सावकाश जाण्याचा परिणाम असा झाला की नववीत असताना त्याच्या वर्गाची सहलीची बस त्याच वेळी घाटातून गेली. बसच्या प्रत्येक खिडकीतून एकेक डोकं बाहेर आलं आणि कॅन घेऊन चढणारा ओव्हाळ सगळ्यांनी डोळे भरून पाहिला. पुढची दोन वर्षं शाळेत त्याला 'टँकर' म्हणत. मास्तरसुद्धा हजेरीला एकदा चुकून तेच म्हणाले. कॉलेजात गेल्यावर त्याने त्या गाडीत बसणंच सोडलं. त्यानंतर आईवडील दोघंच जात राहिले, आणि गाडी त्याच वळणावर थांबत राहिली. नोकरी लागल्यावर त्याने वडिलांना दोनदा सुचवलं होतं, की ही भंगारात देऊ आणि चांगली घेऊ. रतनराव फक्त हसले होते. आता वडील नव्हते, आणि आपण त्यांच्या गाडीला भंगार म्हणालो हे त्याला रोज आठवत होतं.

रतनराव गेले तेव्हा प्रज्ञेश रडला नव्हता. दवाखान्याचे कागद, नातेवाइकांचे फोन, भन्तेजींची वेळ, सगळं त्याने ऑफिसच्या प्रोजेक्टसारखं पार पाडलं, आणि मग गप्प झाला तो झालाच. जेवताना बोलेना. मुलगी मैत्री काही सांगायला आली तर "हं" म्हणून भिंतीकडे बघे. दुःख कुठे ठेवावं हेच त्याला कळत नव्हतं. त्या रात्री आईचं बोलणं ऐकून त्याला एकाएकी जागा सापडली. ठरलं. पप्पांच्या गाडीने, आईला घेऊन, घाट एका दमात चढायचा. त्या वळणावर थांबायचं नाही. वडिलांना आयुष्यभर रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभं राहावं लागलं, ते यापुढे त्यांच्या गाडीला करावं लागणार नाही.

सॉफ्टवेअरमधला माणूस कुठलंही काम सुरू करतो तसं त्याने केलं, म्हणजे आधी व्हिडिओ पाहिले. गाड्या सुधारून पळवणाऱ्या लोकांचे ऑनलाइन ग्रुप असतात आणि तिथे प्रत्येक जण दुसऱ्याला काहीतरी घ्यायला सांगत असतो. त्यांनी सांगितलं, आधी मोठा एअर फिल्टर. इंजिनाला मोकळा श्वास घेऊ द्या. प्रज्ञेशने मागवला. इंजिनाने मोकळा श्वास घेतला आणि त्याला खोकला लागला, कारण हवा आली दुप्पट आणि पेट्रोल तेवढंच. बिबवेवाडीच्या त्या गल्लीत सकाळी गाडी चालू केली की फट् फट् आवाज व्हायचा आणि समोरच्या दुकानातले दूधवाले दचकायचे.

ग्रुपवाल्यांनी सांगितलं, साहजिक आहे, आता मोठा कार्ब्युरेटर लागेल. मोठा कार्ब्युरेटर आला तो दुसऱ्याच, दुप्पट मोठ्या गाडीचा. तो बसेना. मग मधे बसवायला एक पट्टी लेथवर करून घेतली. ती बसली तर बॉनेट बंद होईना. बॉनेट बंद व्हावं म्हणून बॅटरी उचलून डिकीत नेली, आणि तिला जागा करायला निळा कॅन बाहेर काढला. आता इंजिनाला पेट्रोल इतकं मिळू लागलं की मागून काळा धूर निघे. त्यावर उपाय म्हणून रुंद नळीचा सायलेन्सर घेतला. त्याने धूर कमी झाला की नाही हे कुणालाच सांगता येईना, कारण आवाजापुढे धुराकडे कुणाचं लक्ष जाईना. सोसायटीच्या सेक्रेटरी मंदाकिनी काकूंनी फलकावर दोनच ओळी लिहिल्या: 'सभासदांनी आपापले रणगाडे फाटकाबाहेर उभे करावेत. युद्ध जाहीर झाल्यास कळवण्यात येईल.'

"तुझं वाचून झालं का?" चैतालीने त्याला फलकापुढे उभा बघून विचारलं. ती त्याची बायको, आणि बँकेत कर्जाच्या टेबलावर बसणारी, त्यामुळे माणसाला न दुखावता नाही म्हणण्याची तिला सवय होती. पण तिने नाही म्हटलं नाही. नवरा कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा जेवताना बोलायला लागला होता. कार्ब्युरेटरबद्दल का होईना, बोलत होता. मैत्रीला तो भातावर बोटाने पिस्टन काढून दाखवत होता.

ललिताबाई हे सगळं ऐकत. कधी एखादा प्रश्न विचारत.

"मग आता तापणार नाही का ती?"

"अजून रेडिएटर बदलायचाय, आई. तो बदलला की कधीच नाही तापणार."

"कधीच?"

"कधीच."

"बरं," म्हणून त्या पाठमोऱ्याच कपड्यांच्या घड्या घालत राहिल्या. आईला आनंद झाला असावा असं प्रज्ञेशला वाटलं. मुलांना आईच्या पाठीवरून जे कळतं ते एवढंच असतं.

मग त्याने सगळ्यात भारी वस्तू घेतली. रेसच्या गाड्यांना लावतात तशी कॅमशाफ्ट. इंजिनाचे दरवाजे कधी उघडायचे आणि कधी मिटायचे हे ठरवणारा हा दांडा, आणि ग्रुपवाल्यांच्या मते खरी ताकद त्यातच. ती बसवून घेतल्यावर उभी गाडी थंडी भरल्यासारखी हुडहुडू लागली. प्रज्ञेशच्या मते हे ताकदीचं लक्षण होतं. त्याने रविवारी आईला चाचणीसाठी शेजारी बसवलं आणि घराजवळच्या 'अप्पर' भागाच्या चढाला गाडी घातली. या चढावर गेली कित्येक वर्षं ती रतनरावांना, भाजीच्या पिशव्यांना आणि कधीकधी गॅसच्या सिलिंडरला घेऊन काही न बोलता चढत आली होती. त्या दिवशी ती निम्म्यावर गेली, दोन आचके दिले आणि बंद पडली. मागे पाण्याचा टँकर होता. त्याच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला आणि खिडकीतून डोकं काढून "ढकलू का?" असं विचारलं. टँकरकडून मदतीचा प्रस्ताव यावा हे प्रज्ञेशला फारच झोंबलं. त्याने रेस वाढवून वाढवून गाडी चढवायचा प्रयत्न केला, आणि जळक्या वासाने सगळा रस्ता भरून गेला. ती क्लच प्लेट होती.

गाडी टोचन करून मार्केट यार्डाच्या मागे सलिलच्या गॅरेजात नेली. सलिल हा इंजिनिअर झालेला, कंपनीतली नोकरी सोडून स्वतःच्या हौसेखातर गाड्या सुधारणारा माणूस. हौस सोडली तर त्याच्यात गोडवा नावाला नव्हता. त्याने बॉनेट उघडलं, बराच वेळ आत पाहिलं आणि पुन्हा बंद केलं.

"एकेक वस्तू उत्तम आहे," तो म्हणाला. "पण यातल्या कुणाची कुणाशी ओळख नाही. तुम्हाला नक्की काय हवंय?"

"पॉवर."

"ती सगळ्यांनाच हवी असते. कशासाठी?"

"कात्रजचा जुना घाट. न थांबता. आईला घेऊन."

"मग ही कॅमशाफ्ट कशाला घेतलीत? ही सपाट ट्रॅकवर भन्नाट वेगात जागी होते. घाटात हळू वेगात ओढायला जोर लागतो, तिथे ही झोपलेली असते. अहो, एक पार्ट बदलला की त्याच्या सासरचे सगळे बदलावे लागतात. आधी काय करायचंय ते ठरवायचं, मग एकमेकांना धरून राहतील असे पार्ट निवडायचे. तुम्ही उलट केलंत."

सलिलने सगळं काढलं आणि नव्याने जुळवलं. एकाच कंपनीच्या, थोड्याशा मोठ्या इंजिनाचा कार्ब्युरेटर, त्याच्याच मापाचा फिल्टर, हळू वेगात ओढणारी कॅमशाफ्ट, ती ताकद पेलेल अशी क्लच प्लेट आणि बेताच्या रुंदीची नळी. फक्त रेडिएटर काढताना तो थबकला. हा तर मुळातच मोठा आहे, तो म्हणाला, कुणीतरी फार पूर्वी चांगला भारी बसवून घेतलाय. तापणाऱ्या गाडीची लक्षणं नाहीत ही. प्रज्ञेशला राग आला. या घाटात आपण स्वतः कॅनने पाणी वाहिलेलं आहे, असं त्याने सांगितलं, आणि याहून मोठा बसवायला लावला. सलिलने खांदे उडवले आणि बसवला. त्याला जागा करण्यासाठी हॉर्न मात्र काढावा लागला. आवाजाकडे पाहता त्याची उणीव भासणार नाही, असंही तो म्हणाला.

स्मृतिदिनाच्या सकाळी चैताली आणि मैत्री पांढऱ्या गाडीत लावायचं रोप, हार आणि जेवणाचे डबे घेऊन नव्या रस्त्याने पुढे गेल्या. प्रज्ञेश खाली आला तर आई लाल गाडीपाशी उभी होती. पांढरी साडी, हातात थर्मास, आणि पायाशी निळा कॅन. तो तिने माळ्यावरून काढून, पुसून आणला होता.

"आता कशाला तो, आई?"

"असू दे."

गाडी कात्रजच्या डेअरीवरून पुढे आली आणि घाट सुरू झाला. पहिला चढ गाडीने सहज घेतला. दुसरा घेतला. तापमानाचा काटा होता तिथेच होता, इंजिन एका सुरात गुरगुरत होतं, पायाखाली अजून जोर शिल्लक असल्याचं कळत होतं. पुढे एक ट्रक होता, त्यालाही मागे टाकलं. मग ते वळण आलं. डावीकडे बुटका कठडा, त्याला लागून करंजाचं झाड, खाली धुरकट पुणं. प्रज्ञेशने पाय जराही उचलला नाही. वळण आलं तसं गेलं. वरच्या जुन्या बोगद्यापाशी येईपर्यंत त्याला स्वतःचंच हसू ऐकू येत होतं. वर्षभरात पहिल्यांदा तो मोठ्याने हसत होता.

"पप्पा, बघा," तो काचेकडे बघून म्हणाला. "आई, बघितलंस?"

त्याने वळून पाहिलं. ललिताबाई मांडीवरचा थर्मास दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या आणि रडत होत्या. आवाज नव्हता. प्रज्ञेशने गाडी कडेला घेतली.

"काय झालं? त्रास होतोय का? एवढी जोरात नको होती का?"

"तू थांबलाच नाहीस," त्या म्हणाल्या.

"थांबायची गरजच नाही आता. तापलीच नाही ती."

"ती कधीच तापत नव्हती रे."

प्रज्ञेशला काही कळेना. ललिताबाईंनी पदराने डोळे पुसले आणि पेशंटच्या माणसांना समजावावं तसं सावकाश सांगितलं. पहिल्या वर्षी ती खरंच तापली होती. हे घाबरले, आणि त्याच महिन्यात त्यांनी चांगला मोठा रेडिएटर बसवून घेतला. पण पुढच्या खेपेला तेच वळण आलं तेव्हा यांनी आपणहून गाडी कडेला घेतली. घरात दोन खोल्या, त्यात आजी, दोन्ही काका आणि एक काकू. यांचं ऑफिस दिवसाचं आणि आपली रात्रपाळी. आपण घरी यायचो तेव्हा हे डबा घेऊन निघालेले असायचे. दोघांनी शेजारी बसून कपभर चहा प्यावा अशी जागाच नव्हती कुठे.

"मग नुसतं थांबायचं ना," प्रज्ञेश म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच लहान मुलासारखा वाटला.

"तुझे पप्पा? बायकोला घेऊन रस्त्याच्या कठड्यावर नुसते बसतील? ओळखीचं कुणी बघितलं तर? बॉनेट उघडं असलं की कुणी काही म्हणत नाही. गाडी बिघडलीय, माणूस बसणारच."

"आणि मी आणलेलं पाणी?"

"ते करंजाला घालायचे. पोराने एवढं चढून आणलंय, वाया कशाला घालवायचं म्हणायचे. तेव्हा गुडघ्याएवढं होतं ते."

प्रज्ञेश स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. शाळेतली दोन वर्षं, ते नाव, ती बस, सगळं त्याला आठवलं, आणि त्याचा राग करायला गेला तर राग कुठे सापडेना. त्याऐवजी त्याला वडील दिसले. कठड्यावर बसलेले, बुशकोटाच्या खिशात दोन पेनं लावलेले, हातात थर्मासचं झाकण, आणि खालच्या वळणाकडे अधूनमधून बघणारे, पोरगं इतक्यात तर येत नाही ना म्हणून.

"मी यायचं सोडल्यावर?"

"तेव्हाही थांबायचो. तेव्हा बॉनेट उघडायची गरज नव्हती खरी, म्हातारी माणसं आम्ही. पण यांना सवय. शेवटच्या दिवाळीलाही थांबलो. तेव्हा तर बॉनेट उचलवत नव्हतं, मी हात लावला."

"आई, मग सांगितलं का नाहीस? मी महिनेच्या महिने हेच करत होतो. तुझ्यासमोर."

"तू जेवायला लागला होतास," ललिताबाई म्हणाल्या. "बोलायला लागला होतास. मी काय सांगणार होते?"

तेव्हा कुठे प्रज्ञेश रडला. जुन्या बोगद्याच्या तोंडाशी, हॉर्न नसलेल्या गाडीत, आईच्या खांद्यावर डोकं ठेवून, बाप गेल्यानंतर वर्षाने तो हमसून रडला. मागून येणारे लोक गाडीला वळसा घालून गेले. मग त्याने तोंड पुसलं, गाडी वळवली आणि आल्या वाटेने खाली उतरवली.

वळणावर त्याने ती कठड्याला लावली. खाली उतरून बॉनेट उघडलं. आत सगळं नवं, चकचकीत, एकमेकांना धरून बसलेलं होतं, आणि धुराचा मागमूस नव्हता. आईने कठड्यावर फडकं टाकलं, थर्मास ठेवला आणि दोन कप मांडले. प्रज्ञेश शेजारी बसायला वळला तेवढ्यात एक दुचाकीवाला थांबला.

"काय झालं काका?"

काका हा शब्द गिळून प्रज्ञेश म्हणाला, "तापलीय."

त्या गृहस्थाने रेडिएटरजवळ हात नेला, काढला, पुन्हा नेला. "गार आहे की. आत्ता तर विमानासारखी वर जाताना बघितली मी हिला."

"आमची इथंच तापते," ललिताबाई त्याला म्हणाल्या. "जुनी सवय आहे तिला."

त्याने मायलेकांकडे आळीपाळीने पाहिलं, पुण्यात रोज नवीन काहीतरी बघायला मिळतं अशा अर्थाची मान हलवली आणि निघून गेला. प्रज्ञेश बसायला लागला. ललिताबाईंनी दुसरा कप जरासा आपल्याकडे ओढला. मग त्या उठल्या, मागच्या सीटवरून निळा कॅन काढला आणि त्याच्या हातात दिला.

त्याने कॅनकडे पाहिलं, कठड्याकडे पाहिलं, त्या दोन कपांकडे पाहिलं. दुसरा कप आपल्यासाठी नाही हे त्याला समजलं.

"घाई करू नकोस," आई म्हणाली. "सावकाश ये."

बेचाळीस वर्षांचा प्रज्ञेश ओव्हाळ कॅन घेऊन घाट उतरू लागला. पहिल्या वळणावरून त्याने एकदा वर पाहिलं. लाल बॉनेट उघडं होतं आणि त्याच्या आडोशाला आईची पांढरी साडी दिसत होती. तिचं तोंड शेजारच्या रिकाम्या जागेकडे होतं आणि ती काहीतरी सांगत होती. त्याने पुन्हा वळून पाहिलं नाही.

टपरी होती तिथेच होती, नळही होता. त्याने कॅन भरला, आणि टपरीवाल्याने गाडी गरम झाली का म्हणून विचारलं तेव्हा हो म्हणाला, जुनी आहे, वेळ लागतो तिला. मग त्याने एक चहा सांगितला. मोबाइलवर चैतालीचा फोन आला, भन्तेजी पोचलेत, कुठे अडकलात. गाडी घाटात तापली, तो म्हणाला. एवढ्या सगळ्या पार्टांचं नेमकं काय झालं असं चैतालीने पलीकडून अगदी बँकेतल्या आवाजात विचारलं. आल्यावर सांगतो, असं म्हणून त्याने फोन ठेवला.

चहा संपला, तरी भरलेला कॅन पायाशी ठेवून तो बाकावर बसून राहिला.